तू माझ्या नावावर बोललीस ते

आधी भांडण उरकून घेतो, मग बाकीचं. तू मला फसवलंस. एक-दोन दिवस नाही, आठ वर्षं. आणि मला पत्ता लागला तो तुझं दहावं झाल्यावर, म्हणजे तुला विचारायची सोय उरली नाही तेव्हा. तुझी ही खोड जुनीच आहे. भांडण ऐन रंगात आलं की तू उठून चुलीकडे जायचीस आणि पाठ करून उभी राहायचीस. या खेपेला जरा लांब गेलीस.

आज बावीस दिवस झाले. शेजारचे मास्तर म्हणाले, बोलवत नसेल तर लिहा, शुद्धलेखन मी बघतो. मी सातवी पास माणूस. जन्मभर लिहिलं ते पाळीच्या वहीत. अमकं मशीन चालू, तमकं बंद, विशेष काही नाही. आता तुझ्याबद्दल लिहायला बसलो तर हात तेच लिहितो. चहा केला. पाणी भरलं. चार माणसं येऊन गेली. विशेष काही नाही. प्रत्येक जण विचारतो, कसं झालं हो? सांगून सांगून जीभ दमली. ते इथे लिहीत नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, बस झालं.

दार वाजलेलं मला कळत नाही. आधी तू सांगायचीस. आता लोक दार ढकलून आत येतात, समोर बसतात, आणि मला ऐकू येत नाही म्हणून ओरडून सांत्वन करतात. "फार वाईट झालं हो आबा!" हायवेवरच्या टपरीला ऐकू जावं असं. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. मी मान हलवतो. मान हलवायचाही कंटाळा येतो गं.

योगेश तिसऱ्या दिवशी पोचला. जपानातल्या त्या ओसाकाहून मुंबई, तिथून रेल्वेने भुसावळ. तोवर सगळं आटोपलं होतं, अग्नी पुतण्याने दिला. दारात उभा राहिला तर क्षणभर मी ओळखलंच नाही आपल्या पोराला. केस मानेपर्यंत, दाढीत पांढरे. दहा वर्षांत पहिल्यांदा समोर बघत होतो. तो म्हणाला, "आबा." मी म्हटलं, "चपला बाहेर काढ." त्याच्याशी मी आठ वर्षांनी बोललो ते हे. तू कपाळावर हात मारून घेतला असतास.

आपलं भांडण कुठे अडलं होतं ते सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यालाही कळेल. पोरगा दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढला. मी तिथे टर्बाइनवर. डिप्लोमाला असतानाच तो एका बँड पार्टीत शिरला. आपल्याकडे वरातीपुढे ती गाडी चालते ना, वर भोंगे, मागे जनरेटर, आणि मधे उभा राहून कीबोर्ड बडवणारा एक पोरगा, तो आपला. हातात गुण आहे म्हणायचे लोक. मला काय त्याचं. त्याला केंद्रात शिकाऊ म्हणून चिकटवायला मी चार जणांच्या विनवण्या केल्या होत्या. मुलाखतीच्या दिवशी साहेबासमोर मी एकटाच उभा. हा कुठे? तर फैजपूरला, एका केळीवाल्याच्या लग्नात. मी तशीच स्कूटर काढली. वरात बाजारात आलेली, नवरदेव घोड्यावर. मी गाडीवर चढलो आणि पोराला कॉलर धरून खाली उतरवलं. गाणं बंद पडलं. नाचणारी पोरं हात वर करून तशीच उभी राहिली. घोडं तेवढं चालत होतं.

त्या दिवशी तू मला जेवायला वाढलंस. वाढता वाढता तुझ्या भडगावच्या बोलीत म्हणालीस, "वरातमाईन पोऱ्याले वढी आनतस का कोनी?"

मी म्हटलं, "नवरदेवाला दुसरा वाजवणारा मिळेल. मला दुसरं पोरगं नाही."

"तेच तं सांगी राह्यनू मी," तू म्हणालीस, आणि चुलीकडे गेलीस. पाठमोरी.

मग तो पुण्याला गेला. कंपनीत लागला, जपानी भाषा शिकला, त्याच कंपनीने जपानला पाठवलं. तेव्हा मी कॉलनीभर पेढे वाटले. दोन वर्षांनी बातमी आली की नोकरी सोडली, आता संगीत करणार. कसलं संगीत, तर पेटी नाही, तबला नाही, गाणारा नाही. एक टेबल, त्यावर बटणं आणि वायरींचं जंजाळ, आणि हा मान खाली घालून उभा. इलेक्ट्रॉनिक म्हणतात म्हणे. तू फोटो दाखवलास. मी म्हटलं, आमचा कंट्रोल रूमवाला असाच दिसतो, पण त्याला पगार असतो. तू फोन माझ्या हातात कोंबलास, बोला म्हणालीस. मी बोललो. "वरातीत वाजवायलाच जपानला गेलास? फैजपूर काय वाईट होतं?" तिकडून फोन बंद झाला.

त्यानंतर मी फोन कानाला लावला नाही. मला फोनवर ऐकू येत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. ते अर्धं खरं होतं.

कान मीच घालवले. बोळे मिळायचे घालायला, मी घालत नव्हतो. बोळे घातले तर मशीन काय म्हणतंय ते कळणार कसं? लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवायचं, दुसरं कानाला. आत गोळी फुटली, तेल कमी पडलं, दांडा तिरका चालला, सगळं त्या सळईतून कानात येतं. नवे इंजिनिअर मला हाक मारायचे, आबा, जरा ऐकून सांगा. सातवी पास माणसाला साहेब लोक विचारतात म्हणून मी छाती काढून चालायचो. निवृत्त झालो तोवर उजवा कान पुरता गेला होता, डावा निम्मा. तू म्हणायचीस, "कान ग्यात, आते जीभ तरी सांभाया." ती काही सांभाळली गेली नाही.

पण घरात खरा कान तुझा होता, हे मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करतो. कोणत्या गल्लीत नळाला पाणी आलं ते तू आतून सांगायचीस. माझ्या स्कूटरची चैन सैल झालेली तुला माझ्याआधी कळायची. मिक्सर जळायच्या आठ दिवस आधी तू म्हणाली होतीस, याचा आवाज रडका झाला आहे. मी दुर्लक्ष केलं. मिक्सर जळला.

आता दहाव्याचं सांगतो. घाटावरून आलो होतो. माणसं पांगली. योगेश माझ्या शेजारी बसला आणि फोन पुढे केला. म्हणाला, "आबा, हे बघा. दोन महिन्यांनी निघतेय."

तिकडे अजून मोठ्या काळ्या तबकड्या निघतात. फोनवर त्याच्या गाण्यांच्या तशाच तबकडीचं वेष्टन होतं. राखाडी रंग, त्यावर आडव्या रेघा, खाली जपानी अक्षरं मुंग्यांसारखी.

"इथे तुमचं नाव आहे," तो मोठ्याने म्हणाला. ओरडला नाही. तोंड माझ्या डाव्या बाजूला आणून, सावकाश. तुझ्याकडूनच शिकला असणार. "लिहिलंय की ज्यांच्या कानाने ही गाणी दुरुस्त झाली ते माझे वडील. आणि पुढे नाव."

मी म्हटलं, "माझं नाव कशाला?"

"कशाला काय! तिसऱ्या गाण्यात खालचा आवाज कापतोय, बेअरिंग तापल्यासारखा, हे कोणी सांगितलं? तुम्हीच ना? मी दोन महिने शोधत होतो काय चुकतंय ते. तिथल्या एकालाही कळलं नव्हतं."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग तुझ्या फोटोकडे. त्या फोटोत तुझा चेहरा साळसूद आहे. तो का, ते आता कळलं.

पोरगं बोलत राहिलं. इतकं सलग ते माझ्याशी लहानपणीही बोललं नव्हतं. नोकरी सोडल्यावर राहायचा परवाना धोक्यात आला, दिवसा डबे भरायच्या कारखान्यात उभा राहायचा, भाताच्या डब्यात लोणचं ठेवायचं, एका डब्यात एक. संध्याकाळी एका तळघरात वाजवायचा. तीस माणसं आली तर खूप. ती माणसं बोलत नाहीत, शिट्या मारत नाहीत, उभी राहून ऐकतात आणि जातात. आवडलं की नाही तेसुद्धा कळत नाही. आणि जो तो विचारायचा, तू भारतातला ना, मग सतार कुठे आहे? हा म्हणाला, "मी खरंच सतार घ्यायला निघालो होतो, आबा. तेव्हा तुमचा निरोप आला."

माझा निरोप! मी म्हणे सांगितलं होतं, सतार आपल्या घरात कोणी वाजवली होती? कोळशाचे डबे एकावर एक आदळतात, ते वाजव. त्याने तेच केलं. मालगाडीचे डबे, पाळीचा भोंगा, वरातीतला ठेका, सगळं त्या बटणांतून काढलं. तिथून त्याचं नाव झालं. दुसऱ्या गावांतून बोलावणी आली. कलावंत म्हणून राहायचा कागद मिळाला.

"आणि परत यायचं ठरवलं होतं मी एकदा," तो म्हणाला. "तिकीट बघत होतो. आईने सांगितलं, तुझे आबा म्हणतात, चालू मशीन एकदम बंद करायचं नसतं. हळूहळू फिरवत ठेवायचं, नाहीतर दांडा वाकतो. तेवढ्यावर थांबलो मी. मला वाटलं, माझा बाप शिव्या देतो, पण ऐकतो तर खरं!"

माझ्या ओठांवर आलं होतं की बाबा, मी काहीही म्हटलेलं नाही. पण उठलो आणि पाणी प्यायला गेलो. तुझ्यासारखाच, पाठ करून.

मग मला एकेक आठवायला लागलं. तो काळा हेडफोन, त्याने धाडलेला. तू तो डोक्यावर घालून मोरीच्या पायरीवर बसायचीस, डोळे मिटून. मी विचारायचो, काय ऐकतेस? तू म्हणायचीस, कीर्तन. मला हसू यायचं, की कीर्तनाला एवढं कपाळ आक्रसून कशाला बसायचं? आणि जेवताना तुझे ते प्रश्न. चाळीस वर्षं मी टर्बाइनवर होतो, तू कधी विचारलं नाहीस की तिथे काय असतं. आणि निवृत्तीनंतर एकदम सुरू केलंस. बेअरिंग तापल्यावर आवाज कसा येतो? मशीन बंद कसं करतात? दांडा का वाकतो? मी फुललो. भात वाळून जाईस्तोवर सांगत बसायचो, चमचा ताटाला टेकवून, कानाला लावून दाखवायचो. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, बायकोला नवऱ्याचं काम गोड लागलं. आणि तू माझं बोलणं चोरून, ते भाकरीसारखं थापून, माझ्या नावावर पोराला पाठवत होतीस!

राग आला मला. दोन दिवस राग होता. मग दमलो. या वयात रागही फार वेळ उभा राहत नाही, टेकायला भिंत बघतो.

राग गेल्यावर खरी अडचण दिसली. सांगावं, तर पोराच्या हातून बाप जातो. आठ वर्षं ज्याच्या भरवशावर तो परक्या देशात उभा राहिला, तो माणूस कधी नव्हताच. खरा बाप इथे बाजेवर पडून म्हणत होता, उपाशी मरू दे, म्हणजे येईल परत. हे मी तुझ्यासमोर म्हटलं होतं, नाही म्हणू नकोस. आणि न सांगावं, तर ते तुझं काम माझ्या नावावर छापून येणार. सगळ्या जपानात. तू जन्मभर घरातच राहिलीस, भडगाव ते दीपनगर एवढीच तुझी धाव. तुझं नाव कुठे छापलं गेलं असेल, तर लग्नाच्या पत्रिकेत आणि रेशनकार्डावर. आणि एकदा नाव लागायची वेळ आली, तर तिथे मी जाऊन बसलो.

तेराव्याची माणसं गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही तुझी लुगडी काढून बसलो होतो, कोणाला कोणतं द्यायचं ते ठरवत. त्याने ते हिरवं बाजूला ठेवलं, स्वतःसाठी. मी म्हटलं, "ते नाव काढ माझं."

"कुठलं?"

"तबकडीवरचं. मी ऐकलेलं नाही. एकही गाणं ऐकलेलं नाही. तुझ्या मायनं ऐकलं, तिनंच सांगितलं. माझं नाव लावलं, म्हणजे तू ऐकशील म्हणून."

त्याच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. "एकही नाही?"

"नाही."

"ते सतारीचं?"

"तिचं."

"आणि मशीन फिरवत ठेव म्हणालात ते?"

मला खोटं जमत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "मी म्हणालो होतो, उपाशी राहिला की येईल घरी."

त्याने लुगडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "शब्द तर तुमचेच आहेत. बेअरिंग, दांडा... आईला कुठून माहीत?"

"मी जेवताना बडबडायचो. शब्द कोणाचेही असतात रे. ऐकलं तिनं."

तो उठला आणि चपला घालून निघून गेला. दोन तास बाहेर होता. मी लुगड्यांच्या ढिगाऱ्यात बसून राहिलो. मनात म्हटलं, झालं, दुसऱ्यांदा वरातीतून खाली ओढला मी त्याला. या खेपेला तू वाढायलाही नाहीस.

परत आला तेव्हा त्याच्या हातात दुधाची पिशवी होती. "दूध संपलं होतं," म्हणाला. चहा त्यानेच ठेवला. उभ्या उभ्या ओसाकाला फोन लावला, जपानीत बराच वेळ बोलला, दोनदा मान वाकवली, समोर कोणी नसताना. मग मला विचारलं, "आईचं नाव कसं लिहू? पूर्ण?"

"नुसतं तिचं लिही. माझं मागे जोडू नको. त्यात माझं काही नाही."

हे झालं, तुझं काम तुझ्या नावावर लागलं. मला वाटलं संपलं. पण तो म्हणाला, "तिचे निरोप आहेत माझ्याकडे. सगळे. ऐकायचेत?"

तुला लिहिता येत नव्हतं म्हणून तू फोनमध्ये बोलून पाठवायचीस, ते सगळं त्याने ठेवलंय. त्याने दोन वर्षांपूर्वी धाडलेलं कानाचं मशीन तू पोह्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवलं होतंस. मी ते कधी घातलं नाही. त्याची भीक नको, असं मी म्हणालो होतो. ते मी काढून आणलं. त्याने सेल घातला, कानात बसवून दिलं. पहिल्यांदा पंखा ऐकू आला, खरखर नुसती. मग माझीच लाळ गिळलेली. मग तू.

तुझा आवाज असा होता काय गं? मी इतकी वर्षं त्याचा निम्माच भाग ऐकत होतो. वरचा बारीक भाग माझ्यापर्यंत पोचतच नव्हता. तू बोलताना शेवटाला जरा हसतेस, हे मला माहीत नव्हतं.

"तुना बाप म्हनस, आवाज भलता साफ व्हई ग्या. भांडं घासं तरी थोडी राख राहस. राहू दे."

"तुना बाप म्हनस, हाई गानं लांब शे, पन थांबाडू नको. वरात कोठे थांबस?"

"तुना बाप म्हनस, चांगलं शे. तो म्हनाव नही, पन म्हनस."

यावर पोरगं हसलं, आणि हसता हसता त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. मीही हसलो. त्याने मग ते लांब गाणंही लावलं. ऐकलं मी, पूर्ण, मशीन कानात घालून. खोटं कशाला सांगू, मला नाही आवडलं. धडधड नुसती. त्याने विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "हे बरं झालं. आता निदान कोण बोलतंय ते कळतं." राग नव्हता त्यात. असला तरी दमलेला होता, माझ्यासारखा.

शेवटचा निरोप चार महिन्यांपूर्वीचा. गाण्याबद्दल नव्हता. तुला धाप लागत होती, शब्दाशब्दाला थांबत होतीस.

"तुना बाप म्हनस, एकदाव घर ये. बठ्ठं सोडीसन ये असं नही म्हनत. येईसन परत जाय. पन ये."

त्याने फोन खाली ठेवला. ते हिरवं लुगडं उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "मी उत्तर दिलं होतं. तबकडीचं काम संपलं की येतो म्हणून." आणि मग माझ्याकडे न बघता, "आबा, हेही आईचंच ना?"

तू सांग, मी काय करायला हवं होतं? ते तुझंच होतं. मी तसं कधी म्हटलं नाही. माझ्या मनात होतं की नव्हतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण पोराच्या तोंडाकडे बघितलं आणि मला दिसलं की हा हे जन्मभर वाहणार आहे. माय बोलवत होती, धापा टाकत बोलवत होती, आणि मी तबकडी संपवत बसलो, असं म्हणत. बाप बोलवत होता आणि आला नाही, तर ते चालतं. बापाचं न ऐकणं आमच्यात जुनंच आहे.

मी म्हटलं, "नाही. ते मी म्हटलं होतं."

"खरंच?"

"मग काय तर. तिच्याकडून कळवलं. मला फोनवर ऐकू येत नाही ना."

खोटं बोललो. सकाळी खरं सांगून मोकळा झालो होतो, संध्याकाळच्या आत खोट्यावर आलो. तुझ्या सगळ्या कामातलं एवढं एक वाक्य मी माझ्या नावावर घेतलं. बाकीचं सगळं तुझं तुला परत केलं आहे. हे एक राहू दे माझ्याकडे. भांडायचं असेल तर भेटल्यावर भांड.

परवा तो गेला. भुसावळ स्टेशनवर मी सोडायला गेलो होतो, कानात मशीन घालून. नुसता कालवा. गाडी लागली, त्याने माझ्या पायाला हात लावला आणि खिडकीतून म्हणाला, "तुम्ही बोलावलं तेव्हा आलो नाही, आबा. आता दिवाळीला येऊ?"

आता तुझ्या आडून बोलायची सोय नव्हती. आजूबाजूला माणसं होती, गाडी हलायला लागली होती.

मी म्हटलं, "ये."